मॅक्युलाचे विकार आणि दृष्टिपटलाच्या प्रतिमा
(पनागर, जिल्हा जबलपूर येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



डोळ्याच्या आतल्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. या पडद्याच्या मधोमध सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक भाग असतो, तो मॅक्युला. मराठी पाठ्यपुस्तकांतला पीतबिंदू. त्याच्याही केंद्रस्थानी दीड मिलिमीटरचा एक उथळ खळगा आहे, तो फोविया. वर्तमानपत्रातले अक्षर, सुईचे नेढे, तांदळातला खडा, समोरून येणाऱ्याचा चेहरा, ज्या ज्या गोष्टीवर नजर रोखावी लागते ती प्रत्येक गोष्ट या एवढ्याशा जागेवर उमटते. आजूबाजूला काहीतरी आहे, हे बाकीचा पडदा सांगतो. ते नेमके काय आहे, हे मॅक्युला सांगतो.

दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी बारा कोटींच्या आसपास असतात. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी साठ लाखांच्या घरात. फोवियाच्या ऐन मध्यावर केवळ शंकुपेशी आहेत, आणि तिथे त्या एका चौरस मिलिमीटरमध्ये दीड-दोन लाख इतक्या दाटीने बसलेल्या असतात. या मध्यावर रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे प्रकाशाच्या वाटेत त्यांची सावली पडत नाही. तिथल्या पेशींना लागणारा प्राणवायू पडद्याच्या मागे असलेल्या कोरॉइड नावाच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून पाझरत येतो. कामाचा भार सर्वांत जास्त, आणि रसद मात्र मागच्या एकाच दाराने. या जागेच्या नाजूकपणाचे हे एक मोठे कारण आहे.

पहिला मुद्दा येथूनच सुरू होतो. मॅक्युलाचा आजार दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, खुपत नाही. शिवाय डोळे दोन आहेत. एकाचा मॅक्युला हळूहळू खराब होत असताना दुसरा डोळा काम भागवून नेतो, आणि माणसाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. एखाद्या दिवशी चांगल्या डोळ्यात कचरा जातो, तो चोळताना दुसऱ्या डोळ्याने भिंतीकडे पाहिले जाते, आणि फरशीच्या सरळ रेघा वाकड्या दिसतात किंवा घड्याळाच्या मधोमध धुरकट डाग दिसतो. तोपर्यंत आजार जुना झालेला असतो. जे दुखत नाही, त्यासाठी डॉक्टरकडे कोण जातो?

ज्याला कमी दिसू लागते, त्याच्या आणि घरच्यांच्या मनात दोनच कारणे येतात: चष्म्याचा नंबर वाढला असेल, किंवा मोतीबिंदू पिकला असेल. हा समज चुकीचा म्हणता येत नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच होते आणि त्याचा वाटा ६६ टक्क्यांच्या आसपास होता. पण याच समजातून एक दुःखद प्रसंग गावोगावच्या शिबिरांनंतर पुन्हा पुन्हा घडतो. वृद्धाचा मोतीबिंदू निघतो, नवे भिंग उत्तम बसते, पट्टी सुटते, आणि तरीही चेहरा ओळखू येत नाही. घरचे म्हणतात, ऑपरेशन बिघडले. ऑपरेशन बिघडलेले नसते. गढूळ भिंगाच्या आड मॅक्युला आधीच खराब झालेला असतो, आणि गढूळ भिंगातून तो कोणी पाहिलेला नसतो. आज अनेक रुग्णालये मोतीबिंदूच्या ऑपरेशनपूर्वी मॅक्युलाची प्रतिमा घेतात ती यासाठीच. ऑपरेशनने काय परत मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आधी सांगता आले तर रुग्णाचा विश्वासही शाबूत राहतो आणि डॉक्टरचाही. भिंग फारच दाट असेल, तर मात्र प्रतिमाही हात टेकते.

दुसरा मुद्दा: मॅक्युला पाहायचा कसा? १८५१पर्यंत या प्रश्नाला उत्तरच नव्हते. जिवंत माणसाच्या डोळ्याची बाहुली वैद्याला काळी दिसत असे, आणि तिच्यामागे काय चालले आहे ते मृत्यूनंतरच कळे. त्या वर्षी हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑप्थॅल्मोस्कोप जगापुढे ठेवला. प्रकाश बाहुलीतून आत सोडायचा आणि परत येणारा प्रकाश त्याच रेषेत डोळा ठेवून पाहायचा, एवढीच युक्ती. पण त्या युक्तीने पडदा, त्याच्या रक्तवाहिन्या, मज्जातंतूची चकती आणि मॅक्युला प्रथमच जिवंतपणी दिसले. जे दिसे ते मात्र पाहणाऱ्याच्या स्मरणात राही, किंवा त्याने हाताने काढलेल्या चित्रात. मागच्या वर्षी डाग केवढा होता, हे स्मरणावर ठरवणार कसे?

१८८६मध्ये जॅकमन आणि वेब्स्टर यांनी जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र मिळवले. त्यासाठी डोळा अडीच मिनिटे स्थिर ठेवावा लागला होता. १९२०च्या दशकात त्साइस आणि नॉर्डेन्सन यांचा फंडस कॅमेरा आला, पुढे फ्लॅश आला, आणि पडद्याचा फोटो रोजच्या वापराची गोष्ट झाली. पुढचे मोठे पाऊल दोन तरुणांनी टाकले. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हॅरॉल्ड नोव्हॉत्नी आणि डेव्हिड आल्विस यांनी फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग हाताच्या शिरेतून टोचला आणि तो डोळ्याच्या रक्तवाहिन्यांतून जाताना एकामागून एक फोटो काढले. त्यांचा निबंध नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने नाकारला. तो १९६१मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदय आणि रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. पुढे निम्म्या शतकाचे मॅक्युलाचे ज्ञान या तंत्रावर उभे राहिले.

रंग हातात टोचल्यावर दहा-पंधरा सेकंदांत डोळ्यात पोहोचतो. निरोगी पडद्याच्या रक्तवाहिन्या त्याला बाहेर पडू देत नाहीत. रक्तवाहिनीची भिंत खराब असेल तर तो झिरपतो, आणि फोटोत तेवढी जागा उजळत जाते. कुठे गळते आहे, कुठे रक्त पोहोचतच नाही, कुठे नको त्या नव्या वाहिन्या फुटल्या आहेत, हे सारे अँजिओग्राफी दाखवते. त्वचा काही तास पिवळट दिसते, लघवी पिवळी होते, काहींना मळमळते, आणि क्वचित तीव्र ॲलर्जीही येते. म्हणून ही तपासणी आपत्कालीन औषधे हाताशी ठेवूनच करतात.

मायामीच्या बास्कम पामर संस्थेतील डॉनल्ड गॅस यांनी मॅक्युलाचे विकार वेगवेगळे ओळखायला जगभरच्या डॉक्टरांना शिकवले. १९७०मध्ये त्यांचा मॅक्युलाविकारांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. फोवियाला पडणाऱ्या भोकाचे, म्हणजे मॅक्युलर होलचे, टप्पे त्यांनी १९८८मध्ये मांडले आणि डोळ्यातला पारदर्शक गर, व्हिट्रियस, फोवियाला ओढतो म्हणून भोक पडते असे प्रतिपादन केले. तेव्हा ती ओढ दाखवून देणारे यंत्र अस्तित्वात नव्हते. दहा वर्षांच्या आत ते आले, आणि त्याने गॅस यांचे म्हणणे मुख्यतः खरे ठरवले, काही ठिकाणी दुरुस्तही केले.

ते यंत्र म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, रुग्णालयाच्या बोलीत ओसीटी. डेव्हिड ह्वांग, एरिक स्वान्सन, जेम्स फुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरात ते विकसित केले, आणि पहिला निबंध १९९१मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. १९९६मध्ये यंत्र बाजारात आले. २०२३मध्ये ह्वांग, फुजिमोतो आणि स्वान्सन या तिघांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

ओसीटी नेमके काय करते? सोनोग्राफी आवाजाचा प्रतिध्वनी मोजते, ओसीटी प्रकाशाचा. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड आहे की त्याचा परतीचा वेळ घड्याळाने मोजता येत नाही. म्हणून किरण दोन वाटांनी पाठवतात, एक डोळ्यात आणि एक आरशाकडे. परतलेले दोन्ही किरण एकमेकांत मिसळले की त्यांच्या व्यतिकरणावरून कोणता थर किती खोलीवर आहे ते कळते. आजच्या यंत्रांची बारकाई पाच मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी आहे. डोळ्याला काहीही लागत नाही. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे काही सेकंद पाहायचे. मॅक्युलाचा उभा छेद यंत्राच्या पडद्यावर उमटतो: मधोमध फोवियाचा खळगा, दोन्ही बाजूंना थरावर थर, आणि तळाशी शंकुपेशींची चमकदार रेघ. जो छेद पूर्वी मृत डोळा कापून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दिसे, तो आता जिवंत डोळ्यात दर महिन्याला पाहता येतो.

हा ‘दर महिन्याला’ महत्त्वाचा. एक प्रतिमा आजाराचे नाव सांगते. एकाच डोळ्याच्या, एकाच जागेच्या, काही काळाच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमा आजाराची चाल सांगतात. मॅक्युलाच्या अभ्यासाचे खरे बळ या दुसऱ्या गोष्टीत आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण वयोमानाने होणाऱ्या मॅक्युला-ऱ्हासाचे. या आजारात पडद्याखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर कण साठतात. काहींमध्ये पेशी हळूहळू विरत जातात. हा कोरडा प्रकार. काहींमध्ये मागच्या कोरॉइडमधून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर घुसतात, गळतात, रक्त सांडतात आणि आठवड्यांत मधली दृष्टी जाते. हा ओला प्रकार. २००५पर्यंत ओल्या प्रकाराला फारसा इलाज नव्हता. त्या वर्षी मायामीत फिलिप रोझेनफेल्ड यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे बेव्हासिझुमॅब हे औषध अगदी सूक्ष्म मात्रेत थेट डोळ्यात टोचले. परिणाम झाला की नाही, हे ठरवले कशाने? ओसीटीने. पडद्याखालचे पाणी ओसरताना त्यात दिसले, आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच ओसीटीचा उल्लेख आहे. २००६मध्ये डोळ्यासाठीच बनवलेले रॅनिबिझुमॅब आले. ते फार महाग होते. २०११मध्ये अमेरिकेच्या सरकारी खर्चाने झालेल्या तुलनेत स्वस्त बेव्हासिझुमॅबने जवळपास तेवढीच दृष्टी राखली, आणि २०१५मध्ये भारतीय कंपनीचे रॅनिबिझुमॅब भारतात उपलब्ध झाले. ही इंजेक्शने एकदा देऊन संपत नाहीत. पुढचे केव्हा द्यायचे, थांबायचे का, अंतर वाढवायचे का, हे प्रत्येक वेळी ओसीटीतले पाणी पाहून ठरते. म्हणजे इलाजाचा निम्मा भाग औषध आहे आणि निम्मा भाग प्रतिमा. इंजेक्शन परवडले पण तपासणीला येणे परवडले नाही, तर इलाज अर्धवटच राहतो.

इतर विकारांत वेगवेगळ्या प्रतिमा वेगवेगळे काम करतात. पडद्याच्या पेशींत वयानुसार साठणारा लायपोफ्युसिन हा कचरा निळ्या प्रकाशात आपोआप चमकतो. त्या चमकेच्या प्रतिमेत मेलेल्या पेशींची जागा काळी दिसते, आणि दर वर्षी तो काळा भाग किती पसरला ते मोजता येते. कोरडा ऱ्हास आणि तरुण वयात येणारा स्टारगार्टचा आनुवंशिक विकार यांचा माग असा काढतात. ओसीटी-अँजिओग्राफी हे आणखी नवे तंत्र रंग न टोचताच रक्तवाहिन्या दाखवते: एकाच जागेचे छेद लागोपाठ घ्यायचे, आणि त्यांत जे बदलले ते वाहणारे रक्त. मात्र गळती तिच्यात दिसत नाही, आणि म्हणून जुनी अँजिओग्राफी पूर्ण निवृत्त झालेली नाही.

काही विकार माणसाच्या वागण्याशी जोडलेले आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. तीस ते पन्नास वयाच्या पुरुषांत अधिक आढळणाऱ्या एका विकारात मॅक्युलाखाली पाण्याचा फुगवटा येतो. त्याचे नाव सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपॅथी. स्टिरॉइडचा त्याच्याशी संबंध पक्का आहे. सांधेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या, गोरेपणासाठी चोळलेली मलमे, यांतून स्टिरॉइड शरीरात जाते, आणि रुग्णाला ते ठाऊकही नसते. ओसीटी फुगवटा दाखवते. कारण मात्र प्रश्न विचारूनच कळते. संधिवातासाठी वर्षानुवर्षे घेतले जाणारे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हेही असेच. मात्रा वजनाच्या दर किलोमागे रोज पाच मिलिग्रॅमच्या आत ठेवावी, पहिल्या वर्षात पडद्याची एक तपासणी व्हावी, आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी ओसीटी व्हावी, असा संकेत आहे. हानी दृष्टी घटण्याआधी प्रतिमेत दिसते, आणि तिथेच औषध थांबवायचे असते. एकदा झालेली हानी परत भरून येत नाही. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या फोवियात ओसीटीला शंकुपेशींच्या रेघेतला छोटासा खंड दिसतो. २२ जुलै २००९चे खग्रास ग्रहण मध्य प्रदेशावरूनच गेले होते.

आता तिसरा मुद्दा, आणि तो या प्रदेशाचा. मध्य भारतातल्या खेडुतांच्या मॅक्युलाविषयी काय ठाऊक आहे? विज्ञानाची बरीचशी आकडेवारी युरोप-अमेरिकेच्या शहरांतून येते. तिला अपवाद ठरलेले एक मोठे काम नागपूरजवळ झाले. नागपूर आणि जबलपूर १९५६पर्यंत एकाच प्रशासकीय प्रदेशाचे भाग होते. माती, पिके आणि कष्टाचे जीवन यांत आजही फार अंतर नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ हा अभ्यास केला. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरची आठ गावे निवडली. तीस वर्षांवरील ५८८५ जण पात्र होते, त्यांतले ४७११ जण, म्हणजे शंभरात ऐंशी, तपासणीला आले. प्रत्येकाची नजर मोजली, रक्त तपासले, जीवनक्रमाविषयी विचारले, बाहुली थेंबांनी मोठी करून मॅक्युलाचे फोटो काढले, आणि ते फोटो नंतर ठरलेल्या पद्धतीने वाचले.

या कामाचे मोल दोन गोष्टींत आहे. पहिली अशी, की रुग्णालयात आलेल्यांवरून समाजाचा अंदाज बांधता येत नाही. रुग्णालयात आजारीच येतात. घरोघर जाऊन, दिसते म्हणणाऱ्याचाही फोटो काढला, तरच आजार समाजात किती आहे ते कळते. दुसरी अशी, की निष्कर्ष अपेक्षेहून वेगळे निघाले. वयोमानाच्या ऱ्हासाचा पुढचा, दृष्टी घेणारा टप्पा या शेतकरी गावांत फारच थोड्यांत आढळला, आणि मधुमेहाने खराब झालेले पडदेही थोडेच. अंगमेहनत करणाऱ्या, सडपातळ बांध्याच्या लोकांत मधुमेह कमी होता, म्हणून त्याचे पडद्यावरचे परिणामही कमी.

हे चित्र कायम राहील का? राहणार नाही, असेच दिसते. पुढच्या दशकात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २१ जिल्ह्यांतील पन्नाशीपुढच्या ६३ हजार लोकांची तपासणी झाली. त्यांत मधुमेह सुमारे १२ टक्क्यांना होता, आणि मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांच्या पडद्यावर त्याचे परिणाम होते. ट्रॅक्टर आले, मोटारसायकली आल्या, पायपीट कमी झाली, आयुष्य वाढले; ही सगळी चांगली स्थित्यंतरे आहेत, पण त्यांच्यासोबत मॅक्युलाचे ओझेही खेड्यात येत आहे. नागपूरजवळच्या त्या गावांचे फोटो यासाठीही मोलाचे, की पुढे होणाऱ्या बदलाचे मोजमाप करायला त्यांनी आरंभरेषा आखून दिली.

मधुमेहात मॅक्युलाचे काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. साखरेने सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांतून पाणी आणि स्निग्ध द्रव्ये झिरपतात, पडदा भिजून सुजतो, आणि फोवियाचा खळगा भरून जातो. ओसीटीत तिथे काळ्या पोकळ्या दिसतात. सूज मध्यापासून थोडी दूर असेल, तोवर नजर अगदी साफ असू शकते. म्हणजे अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्याचाही मॅक्युला सुजलेला असू शकतो. ‘मला तर स्वच्छ दिसते’ हे वाक्य मधुमेहात निरोगीपणाचा पुरावा ठरत नाही. याउलट, सूज वेळीच दिसली तर इंजेक्शन, लेसर आणि साखर-रक्तदाबाचे नियंत्रण यांनी दृष्टी बहुतेकांची वाचते.

मग एवढ्या लोकांचे पडदे पाहायचे कोणी? पडद्याचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत. पनागरच्या रुग्णाला जबलपूर गाठावे लागते. सिहोरा आणि मझौलीपलीकडच्या गावकऱ्याला तर अख्खा दिवस आणि एक मजुरी मोजावी लागते. या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईत तपासले गेले. महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहासाठी येणाऱ्यांचे फोटो आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्मार्टफोनला जोडलेल्या, बेंगळुरूत बनलेल्या फंडस कॅमेऱ्याने काढले. फोनमधल्याच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने, इंटरनेटशिवाय, जागच्या जागी निर्णय दिला. वडाळ्याच्या आदित्य ज्योत रुग्णालयाचे डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विश्लेषणात २१३ रुग्ण होते. तज्ज्ञाकडे पाठवावे लागेल इतका विकार असलेला एकही रुग्ण प्रणालीतून सुटला नाही. ज्यांना तसा विकार नव्हता, त्यांतल्या शंभरांतील अकरा-बारा जणांना मात्र तिने उगाच पुढे पाठवले. गाळणीचे काम करणाऱ्या साधनाकडून ही चूक चालते. उलटी चूक चालत नाही. संख्या लहान होती, तरी दिशा योग्य आहे.

पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. साधा फोटो सपाट असतो. मॅक्युलाची सूज ही जाडीतली वाढ, आणि सपाट फोटोत ती थेट दिसत नाही. पिवळ्या कणांवरून तिचा तर्क करावा लागतो. म्हणून गावातल्या फोटोने चाळणी करायची आणि शंका आलेल्याची ओसीटी करायची, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्थाच मॅक्युलाला न्याय देते. एका पायरीवर थांबणारी योजना लोकांना खोटा दिलासा देईल. दुसरी गोष्ट प्रत्यक्ष जागेची. गूगलची अशीच प्रणाली थायलंडच्या दवाखान्यांत वापरली, तेव्हा पाचातील एकाहून अधिक फोटो यंत्राने वाचायलाच नकार दिला. मुख्य कारण काय होते? खोलीत पुरेसा अंधार नव्हता, त्यामुळे बाहुली मोठी होत नव्हती. तहसिलीच्या आरोग्य केंद्रात कॅमेरा ठेवताना खिडकीला जाड पडदा आणि फोटो काढणाऱ्या परिचारिकेला पुरेसा सराव, या दोन स्वस्त गोष्टींचा विचार कॅमेऱ्याच्या आधी झाला पाहिजे.

आणखी एक सावधगिरी प्रतिमा वाचण्याची. ओसीटीच्या छापील रिपोर्टवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात, आणि लाल दिसले की रुग्ण घाबरतो. तो रंग यंत्रात साठवलेल्या निरोगी लोकांच्या सरासरीशी केलेल्या तुलनेचा असतो. ती सरासरी कोणत्या लोकांची, कोणत्या वयाची, हे पाहिल्याशिवाय रंगाला अर्थ नाही. स्त्रियांचा मॅक्युला सरासरीने पुरुषांपेक्षा किंचित पातळ असतो; जास्त उणे नंबरच्या डोळ्याचीही मापे वेगळी येतात. एका कंपनीचे यंत्र जाडी एका थरापर्यंत मोजते, दुसऱ्याचे त्याखालच्या थरापर्यंत, आणि एकाच निरोगी डोळ्याचे दोन यंत्रांवरचे आकडे ६०-७० मायक्रॉननी वेगळे येऊ शकतात. एका रुग्णालयात २००, दुसऱ्यात २७० आले म्हणून सूज वाढली असे नव्हे. डोळा हलला, पापणी मिटली, अश्रू सुकले, तर यंत्र थराची रेघ भलतीकडे आखते आणि आकडा चुकतो. आकडा वाचण्याआधी छेद पाहावा, आणि छेद पाहण्याआधी माणसाशी बोलावे, हा क्रम चांगले डॉक्टर सोडत नाहीत.

घरी करण्याजोगी एक तपासणीही आहे. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी गेल्या शतकात चौकटींचा एक कागद रूढ केला. वाचण्याचा चष्मा लावून, एक डोळा पूर्ण झाकून, मधल्या ठिपक्याकडे पाहायचे. मग दुसरा डोळा झाकून. रेघा वाकल्या, तुटल्या किंवा एखादी चौकट नाहीशी झाली, तर त्याच आठवड्यात डोळे तपासून घ्यायचे. कागद नसेल तर दाराची चौकट किंवा फरशीची रेघ चालते. मात्र या तपासणीत दोष दिसला नाही म्हणजे मॅक्युला निरोगी, असे होत नाही; मधुमेहाची सुरुवातीची सूज तिच्यात सापडत नाही.

तेव्हा श्रोत्यांना विनंती इतकीच. प्रौढ वयात मधुमेह निघाला असेल तर निदान झाल्याबरोबर, आणि लहानपणापासून असेल तर पाच वर्षांनंतर, पडद्याची पहिली तपासणी करावी व पुढे दर वर्षी. मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भारपणाच्या सुरुवातीलाच करावी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपूर्वी ‘मॅक्युला कसा आहे?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. पडद्याचे फोटो आणि ओसीटीचे कागद जमिनीच्या कागदांइतकेच जपून ठेवावेत, आणि शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा तपासणी करावी. पनागरपासून जबलपूर साधारण १५ किलोमीटर आहे. वर्षातून एकदा तेवढा प्रवास करावा, आणि जाताना मागच्या वर्षीचा रिपोर्ट न विसरता बरोबर न्यावा.